टाकीच्या झाकणावरचा लाल रंग

दिवाळीच्या सुट्टीत मी राधानगरीकडे मामाच्या गुऱ्हाळावर जायचे, ते माणसांसाठी नाही, इंजिनासाठी. मी शहरातल्या इंग्रजी शाळेतली, म्हणून माणसं म्हणायची, "विंग्रजी बोलून दाखव की!" इंजिन काही म्हणायचं नाही.

जुनं विलायती डिझेल इंजिन ते. बाजूला माझ्या कमरेएवढी दोन चाकं, वर गरगरणारे दोन लोखंडी गोळे. चरकातला ऊस संपत आला की इंजिन उधळायला बघे. गोळे लगेच फाकत आणि डिझेल आपोआप कमी होई. ना वायर, ना बटण. कुणाला कधीकाळी हे सुचलं असेल, याचं नवल करत मी तासभर बसे. मामीला वाटे, पोरीला घरची आठवण येतेय.

मी अकरावीत होते त्या दसऱ्याला मामाने इंजिन लाल ऑइलपेंटने रंगवलं. मामी भडकली. "माज्या सैपाकघराला चुना लावाया सवड न्हाई, आन् ह्येला ऑइलपेंट!" तिला विजेची मोटर हवी होती. दिवाळीत तिने थेट भंगारवाल्यालाच बोलावलं. शेवटी तोड निघाली: दुपारपर्यंत एक काहील, गुळाची ती भली मोठी कढई, रसाने भरली तर इंजिन राहील, नाहीतर भंगारात.

रंगवल्यापासून पहिल्यांदाच इंजिन सुरू झालं. दहा मिनिटांनी खोकलं आणि थांबलं. मामाने टाकीचं झाकण काढून आत बघितलं. "डिझेल हाय की!" झाकण घट्ट लावलं, हँडल मारलं, सुरू. दहा मिनिटांनी पुन्हा बंद. पुन्हा झाकण, पुन्हा "हाय की!"

"मालक, लोखंड दमलंय वो," भंगारवाला चहा पीत म्हणाला.

"च्या प्या पावणं, गप."

चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं. झाकण उघडताना 'स्स' आवाज येत होता. हवा आत जायला झाकणाला बारीक भोक असतं, ते मामाच्या प्रेमाने बुजलं होतं. हवा नाही, म्हणून डिझेलही खाली उतरेना. मला हे सगळं इंग्रजीत येत होतं. सांगायचं मात्र मराठीत होतं, पाच पुरुषांसमोर, आणि तेही मामाच्या रंगकामाबद्दल.

"काहील अर्दी बी न्हाई!" गूळ शिजवणारा गुळव्या ओरडला. भंगारवाला उठला आणि चाक हलवून वजनाचा अंदाज घेऊ लागला.

ते मला बघवेना. ओढणीची पिन काढून मी झाकणात खुपसली. लाल पापुद्रा निघाला.

"आगं, काय करतीयास?" मामा म्हणाला.

"काही नाही."

मामाने इंजिनापुढे नारळ फोडला आणि पुन्हा हँडल मारलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली, इंजिन थांबलं नाही. काहील भरली. भंगारवाला दोन ग्लास रस पिऊन रिकामा टेम्पो घेऊन गेला. मामा येईल त्याला सांगत होता, "नारळ फोडल्याव कुटं अडतंय?" मीही मान हलवली.

पुढच्या दसऱ्याला मामाने मला मुद्दाम बोलावून घेतलं. इंजिन या वेळी हिरवं होतं, अजून ओलं. झाकणाच्या भोकात एक आगकाडी खोचलेली होती.

मामा ब्रश धूत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "रंग वाळला की तूच काड ती."