किलोमागे पाणी

भेंडी किती पाणी पिते ते मोजायची नोकरी मला लागली, तेव्हा घरातले सगळे पोट धरून हसले. बारामतीच्या एका पॅकहाऊसमध्ये मी आधी प्रतवारीला होते. वाकडी, जून, डागाळलेली भेंडी बाजूला काढायची, एवढंच काम. मग परदेशातल्या गिऱ्हाइकानं फर्मान काढलं, की बी टोकल्यापासून माल गाडीत चढेपर्यंत एका किलोमागे पाणी किती गेलं आणि प्लास्टिक किती लागलं, ते कळवा. माझ्याकडं कृषी पदविका होती. दोन दिवस पुण्याला पाठवून शिकवलं, 'जीवनचक्र मूल्यांकन' असं भारदस्त नाव असलेला तक्ता हातात दिला, आणि मी मोजणीची बाई झाले.

शिकवणारे साहेब भले माणूस होते, उगाच नावं कशाला ठेवू? जे मोजलं जात नाही ते वाचत नाही, असं ते म्हणाले. मला ते इतकं पटलं, की परतताना एसटीतच ठरवलं, पहिला मीटर आक्काच्या रानात बसवायचा.

आक्का माझी थोरली बहीण. तिला इंदापूरच्या पलीकडं दिलीय, कालव्याच्या पार शेपटाला. तिथं कालवा आहे म्हणजे नकाशावर आहे. पाण्याचं आवर्तन सुटलं की वरच्या अंगाला मोटारी पाणी ओढतात आणि शेपटाला पोचेस्तोवर नुसती ओली माती उरते. भावजी ट्रकवर असतात, रान आक्काच बघते. अर्धा एकर भेंडी आणि तिच्यावर आमच्या पॅकहाऊसचा करार, एवढाच तिचा भरवशाचा आधार. आमची गाडी बांधावर येऊन माल उचलायची. बाजाराची खेप नाही, दलालाची मिनतवारी नाही. तो करार टिकावा म्हणून ती म्हणाल ते करायला तयार होती.

तिच्या रानात ठिबक होतं, वर ओल धरून ठेवायला मल्चिंगचा प्लास्टिक कागद होता. मी मीटर बसवला आणि बजावलं, थेंब न थेंब खरा लिही, खोटं लिहायचं असेल तर मोजूच नको. ती म्हणाली, "तुज्या नावाला बट्टा लागंल असं मी काय करायची न्हाय."

आणि खरंच नाही केलं. सकाळी तोड्याला जायच्या आधी ती मीटरपुढं उकिडवी बसायची. भेंडीची खाज लागू नये म्हणून हाताला जुने मोजे चढवलेले असायचे. त्यातला उजवा काढायची, लेकीच्या अर्ध्या राहिलेल्या वहीत आकडा लिहायची, मोजा परत चढवायची. एक दिवस चुकवला नाही बाईनं.

त्या उन्हाळ्यात आवर्तन शेपटाला पोचलंच नाही. विहीर तळाला गेली. आक्कानं प्लास्टिकची मोठी टाकी आणली, टँकर मागवून तिच्यात पाणी ओतलं आणि ठिबकनं झाडं नुसती जगवली. ते पाणीही वहीत लिहिलं. झाडं जगली, पण फुलं गळाली. एरवी पोत्यानं निघणारी भेंडी पाटीच्या बुडाला राहायला लागली.

त्याच आठवड्यात मी काटेवाडीच्या पुढं एका तात्यांच्या रानात गेले. तेही आमचेच शेतकरी. रानाला लागून पाट वाहणारा. ठिबक नाही, कागद नाही, पाळी आली की दार धरायचं आणि रान तुडुंब करायचं. पाणी किती दिलं असं विचारलं, तर म्हणाले, लिही की तुला बरं दिसंल ते. मीटर नसेल तिथं लिहायला तक्त्यात एक तयार सरासरी आकडा असतो. मी तो लिहिला. माल मात्र त्यांचा रग्गड होता.

मग भागाकार केला. गेलेलं पाणी वर, निघालेले किलो खाली. आक्काचं पाणी खरं होतं आणि किलो मूठभर. तात्यांचं पाणी अंदाजाचं आणि किलो ढीगभर. सगळ्या यादीत एका किलोला सगळ्यात जास्त पाणी लागलं आक्काच्या भेंडीला. प्लास्टिकही तिचंच जास्त, कारण नळ्या, कागद, टाकी, सगळं पाणी वाचवण्यासाठी घेतलेलं. आमच्या पॅकहाऊसमध्ये रोज भेंडीवर ताणून बसवतो त्या प्लास्टिकच्या कागदाचं काय? तो म्हणे या तक्त्याच्या हद्दीबाहेर.

मी तीनदा गणित केलं. पुण्याच्या साहेबांना फोन केला. गणित बरोबर आहे, असं ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं हो! त्याचाच संताप येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. आणि इथं दोर मीच वळून दिला होता.

तळातले शेतकरी यादीतून गेले. आक्काही गेली. मी पॅकहाऊसच्या साहेबांकडं गयावया केली, उपयोग झाला नाही. तात्यांचा मात्र 'पाणी वाचवणारा शेतकरी' म्हणून सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं मानचिन्ह. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. अजून लाज वाटते.

आक्काला फोन करायचं धाडस मला झालं नाही. आज करू, उद्या करू म्हणत राहिले. तिला कळलं ते गाडी यायची थांबली तेव्हा.

पुढच्या हंगामाचे अर्ज निघाले तसा मी एक अर्ज घेऊन तिच्याकडं गेले. तिच्याच गावातल्या चौघींना या वेळी घेतलं होतं. चौघींनी मीटर बसवला नव्हता, मागच्या पिकाचे आकडे तोंडी सांगितले होते, आणि मी निमूट लिहून घेतले होते. मी आक्काला म्हणाले, "मीटर काढून टाक. थोडं कमी सांग. मी लिहिते."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. उठून आत गेली, पान्यानं खोललेला मीटर आणि ती वही घेऊन आली, आणि दोन्ही माझ्यापुढं ठेवलं.

"ह्यात आलेलं पाणी दिसतं," ती म्हणाली. "न आलेलं कुठं लिवायचं, त्ये शिकून आलीस का?"

असा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. तिनं चहा टाकला, माहेरची चौकशी केली. आता ती दिवसाआड भेंडीचं गाठोडं घेऊन एसटीनं इंदापूरच्या बाजारात बसते, तेही सहज सांगितलं. अर्जाला हात लावला नाही.

परत येताना एसटीत मी वही उघडली. बारीक, सरळ अक्षर, तारीख आणि आकडा. आमची गाडी बंद झाली ती तारीख मला पाठ होती. तिच्या पुढंही अकरा दिवस आक्कानं आकडे लिहिले होते. आता थांब, असं मी तिला सांगितलंच नव्हतं.