न पिळलेली कारली

हे मी आजवर चारचौघांत सांगितलेलं नाही. म्हणजे, ही गोष्ट सांगितली आहे – लग्नात, बारशात, पंगतीत, शंभरदा तरी. पण खरी एकदाही नाही.

सुरुवात माझ्या ताज्या मूर्खपणापासून करतो, तेवढीच हिंमत वाढते. यंदा आषाढात बाजारातून गिलक्याचं बी आणलं, चष्मा घरी विसरून. परसात आळं केलं, मांडव घातला, रोज संध्याकाळी बादली घेऊन हजर. गिलक्याचं बी काळं, गुळगुळीत; कारल्याचं कडेनं कातरलेलं. शहाद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी दीड महिना कारल्याला पाणी घातलं. बायकोला दुसऱ्या पानालाच कळलं होतं म्हणे. ती बोलली नाही. ती का बोलली नाही, हे मी तिला विचारू शकत नव्हतो – कारण आमच्या घरात बावीस वर्षं कारलं शिजलेलं नाही, आणि त्याचं कारण मी आहे.

आमच्याकडे रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरी जेवत नाही. पाणी पितो, चहा घेतो, उठतो. माझे सासरे – आबा – कोरीटहून एसटीनं यायचे ते असेच. मग आम्हाला मुलगी झाली. ती सहा महिन्यांची असताना आबा पहिल्यांदा जेवायला बसणार होते. खापरावरचे मांडे, दूध, आणि सोबत माझ्या परसातली पहिली कारली. ही हौस माझीच. बागकामाची माझी तेव्हा नवी नवलाई होती, आणि सासऱ्यावर छाप पाडायची होती. कारल्यानं छाप पाडायला निघालेला जावई दुसरा पाहिला आहे का तुम्ही?

बायकोनं कारली चिरली. तेवढ्यात पोर रडायला लागलं. तिनं मला सांगितलं, मीठ चोळा, वरवंट्याखाली तासभर दाबून ठेवा, मग कडू पाणी घट्ट पिळून टाका. मी हो म्हणालो आणि ओसरीवर आबांना मांडव कसा घातला ते सांगत बसलो. विसरलो. आतून भाजी फोडणीला टाकायची हाक आली तेव्हा आठवण झाली. धावत गेलो, फोडी नुसत्या पाण्यातून काढल्या आणि चुलीपाशी ठेवल्या. पिळली का, असं बायकोनं विचारलं.

दोनदा, म्हणालो मी.

एवढंच खोटं. केवढंसं? पण ज्यानं कारलं केलं आहे त्याला पुढचं कळेल. फोडींना मीठ लागलेलं आहे, असं धरून तिनं भाजीत वरून मीठ घातलंच नाही. म्हणजे भाजी कडूजहर तर झालीच, वर अळणीही.

आईनं पहिला घास घेतला आणि हात थांबवला. भर पंगतीत, आबांसमोर, तिनं सुनेला विचारलं, की कारलं पिळायचं असतं एवढंही माहेरी कुणी सांगितलं नाही का?

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मला फक्त म्हणायचं होतं – मी विसरलो. दोन शब्द. मी काय केलं? विनोद केला. म्हणालो, कोरीटची कारली गोड असतात वाटतं, तिकडे पिळत नसतील. सगळे हसले. मी छान बोलतो ना – घरातला गोष्टीवेल्हाळ माणूस.

आबा हसले नाहीत. त्यांनी ताटातली भाजी संपवली आणि आणखी मागून घेतली. तीही संपवली. मग आईकडे वळून, मान खाली घालून म्हणाले, “विहीणबाई, पोरले माय नव्हती. रांधानं तिले मीच शिकाडं. चूक मन्ही शे.”

ज्या बापानं चुलीपाशी उकिडवं बसून लेकीला भाजी शिकवली, त्यानं माझ्या आळसाची माफी मागितली. आणि मी मांड्यावर दूध ओतून घेत होतो.

त्यानंतरही आबा येत राहिले, पण जेवले नाहीत. चहा घेतला, नातीच्या हातावर खाऊ ठेवला, दुपारची गाडी धरली. मी आग्रहही बेताचाच करायचो. खरं तर ते बस स्टँडकडे निघाले की मला सुटल्यासारखं व्हायचं. ते गेले त्यालाही आता सहा वर्षं होतील. आईनं त्या दिवसापासून सुनेला कारल्याला हात लावू दिला नाही, स्वतःही कधी केलं नाही. आणि मी? मी त्या दुपारची गोष्ट केली. दरवेळी थोडं तिखटमीठ जास्त लावून – आबांच्या आवाजाची नक्कलसुद्धा. हसणाऱ्यांत बायको पाणी वाढत फिरायची.

गेल्या रविवारी लेक घरी आली होती. मांडवावरची कारली तोडून तिनं ओटीत आणली आणि हसत म्हणाली, “आई, तू राहू दे गं, तुला नाही जमत. पप्पांची गोष्ट माहितीये ना?”

त्या दिवशी मांडीवर रडत होती ती हीच. ती गोष्ट मी तिला बाळगुटीसारखी पाजली आहे.

खाटेवरून आईही हसली. ऐंशीची झाली, तरी ती गोष्ट तिला अजून आवडते.

 बायकोनं कारली चिरली, मीठ चोळलं, वरवंटा ठेवला. तासाभरानं ती पिळायला बसली तेव्हा मी तिच्यासमोर पाट घेतला आणि सगळं सांगितलं. तिला ते तेव्हाच कळलेलं होतं, तिला कळलं आहे हे मलाही ठाऊक होतं. तरी तोंडानं म्हणायला बावीस वर्षं लागली. तिचे हात थांबले नाहीत. हिरवं पाणी परातीत पडत राहिलं. आबांचं नाव मी घेतलं तेव्हा मात्र तिनं मूठ जरा जास्तच आवळली.

मग परात माझ्याकडे सरकवून ती म्हणाली, “मन्हा बाप तर गया. हसनारा अजून जित्ता शेतस. त्यास्ले सांगा.”