चौथ्या गाण्यातला बारीक सूर

वीस वर्षं दुसऱ्यांच्या लग्नात गाणी वाजवणाऱ्या माणसाला स्वतःसाठी गाणं ऐकावंसं वाटत नाही. बाभुळगावात माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे. मांडव एकाचा, स्वयंपाक दुसऱ्याचा, आवाज आमचा. हळदीची आणि वरातीची तीच ती गाणी वाजवून मला इतका वीट आला होता की गाडी चालवताना मी काहीच लावत नसे.

मागच्या वर्षी लग्नसराई संपता संपता कळंबहून सामान घेऊन एकटाच परत येत होतो. कळंबच्याच पुढच्या लग्नातल्या नवरदेवाने दिलेलं एक गाणं तपासायला फोन गाडीच्या स्पीकरला जोडला होता. ते गाणं संपलं आणि फोनने स्वतःच्या मनाने दुसरंच काहीतरी सुरू केलं. मी बंद करायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला. शब्द नव्हते, गाणारं कोणी नव्हतं. कापसाच्या जिनिंगची मशीन लांबून ऐकावी तशी खोल धडधड होती आणि तिच्यावर हळूहळू काहीतरी सरकत होतं. मी गाडी कडुलिंबाखाली लावली आणि पूर्ण अल्बम ऐकला.

कुठल्याशा थंड देशातल्या दोघांचा तो पहिलाच अल्बम होता. सगळं यंत्रांवर बनवलेलं. मुखपृष्ठावर दोघं पाठमोरे उभे, म्हणजे तोंडही दाखवायची हौस नाही. ऐकणाऱ्यांचा आकडा एवढा लहान की सगळे आमच्या एका पंगतीत बसले असते. त्या दोघांचं काय बिनसलं होतं कोण जाणे, पण काहीतरी कायमचं हातचं गेल्यावर माणूस जसा गप्प होतो, तसं ते संगीत होतं. चौथ्या गाण्यात तर बेस एकदम थांबतो आणि नुसता एक बारीक सूर उरतो, पितळी वाटीच्या काठावर ओलं बोट फिरवल्यावर निघतो तसा. तो बराच वेळ चालतो. माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचाच राग आला. पंचेचाळिशीचा बाप्या, रस्त्याच्या कडेला, कशासाठी रडतो?

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. दादाला तर नाहीच. त्याने हसून हसून गावभर केलं असतं.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. धंदा त्याने उभा केला आणि मला हाताला धरून शिकवला. तो मशीनवरचे दिवे बघत नाही. सेटिंग करताना मांडवाच्या मधोमध जाऊन उभा राहतो, डोळे मिटतो, टाळी वाजवतो आणि बोटाने खूण करतो, हे वाढव, ते कमी कर. "कान हाच मीटर," असं त्याचं म्हणणं, आणि तालुक्यातले बाकीचे साउंडवाले ते मानायचे. त्याचा दुसरा नियम दुःखाच्या कार्यक्रमाचा. तिथे बेस न्यायचा नाही, दोन छोटे बॉक्स पुरे. आणि बोलणाऱ्याचा गळा भरून आला की माइकचा आवाज हळूच वाढवायचा. "रडणाऱ्या माणसाले जोर लावा लागू नये," असं तो म्हणे. एवढा विचार आमच्या धंद्यात दुसरं कोणी करत नाही.

पण दोनेक वर्षांपासून तक्रारी येत होत्या. आवाज कानाला टोचतो, सुईसारखा लागतो. कळंबच्या लग्नात तर नवरीच्या आजीने माणूस पाठवून सांगितलं. दादा भडकला. "बुढीचे कान खराब झाले असन," म्हणाला. मला वाटलं, बॉक्समधले बारीक सुरांचे हॉर्न खराब झाले. मी त्यांचे पडदे दोनदा बदलले. तक्रारी काही थांबल्या नाहीत.

म्हणून एका दुपारी गोदामात मी सगळे बॉक्स एकेक करून तपासायला बसलो. ओळखीच्या गाण्यात दोष लवकर सापडत नाही, कारण कान आपोआप भर घालतो. मला तो अल्बम आठवला. चौथं गाणं लावलं. दादा समोर खुर्चीवर बसून वायरी गुंडाळत होता.

बेस थांबला. बारीक सूर सुरू झाला, स्वच्छ, कुठेही फाटलेला नाही.

दादाने वर पाहिलं. "बंद काहून केलं बे?"

"कुठं बंद केलं?"

"मंग वाजव नं. कायची वाट पाहून राह्यला?"

सूर चालूच होता. पत्र्याचं गोदाम नुसतं भरलं होतं त्याने. दादा वायर गुंडाळत माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. घरी टीव्हीचा वाढवलेला आवाज, बोलताना माझ्या ओठांकडे बघणं, फोनवरचं "नेटवर्क नाई बे इथं", सगळं मला त्या क्षणी समजलं. हॉर्न चांगले होते. दादाला वरचे सूर ऐकू येत नव्हते, आणि ऐकू यावेत म्हणून तो ते सगळ्या गावाच्या कानात ओतत होता.

मी आवाज शून्यावर आणला आणि म्हणालो, "संपलं गाणं."

सांगायला हवं होतं. पण ज्याच्या कानावर आपण जेवलो त्याला तुझे कान गेले म्हणून कसं सांगायचं? उद्या सांगू, परवा सांगू, असं करत मी पुढचे तीन महिने काढले. त्याने सेटिंग केलं की मागून गुपचूप बटणं फिरवून ठेवायचो. तक्रारी थांबल्या. दादा म्हणाला, "पाह्यलं? बुढीचेच कान खराब होते." मी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मग आमचे शाळेतले सर वारले. आम्हा दोघांनाही त्यांनी शिकवलं होतं. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, आणि आवाज अर्थातच आमचा. वीज गेली होती, म्हणून मी विहारामागे जनरेटरजवळ थांबलो होतो. पुढे मिक्सरवर दादा एकटा. बरेच जण बोलले, काकूंनी सरांची सेवा सावित्रीसारखी केली असंही म्हणाले. शेवटी सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, उठल्या. त्या सभेत कधीच बोलत नसत. आज बोलायचं आहे असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं.

पुढचं मला लोकांनी सांगितलं. काकूंचा आवाज फुटेना. दादाने आपल्या नियमाप्रमाणे माइक हळूच वाढवला. बॉक्समधून शिटी सुरू झाली, बारीक, कानात घुसणारी. काकू घाबरून थांबल्या. दादाला शिटी ऐकूच आली नाही. त्याला दिसलं एवढंच की त्या बोलता बोलता थांबल्या, म्हणजे रडू आलं. त्याने आणखी वाढवलं. लोकांनी कानांवर हात ठेवले, पोरं रडायला लागली. जनरेटरच्या घरघरीतूनही ते माझ्यापर्यंत पोचलं आणि मी धावलो. येऊन बघतो तर काकूंना वाटलेलं, आपणच माइक चुकीचा धरला. त्यांनी तो फोटोसमोरच्या मेणबत्त्यांजवळ अलगद ठेवला, पदर तोंडाला लावला आणि खाली बसल्या. दादा बटणावर बोट ठेवून लोकांकडे बघत होता. मी हात घालून सगळं बंद केलं.

"काय झालं?" त्याने मला विचारलं. सगळी सभा त्याच्याकडे बघत होती.

काकू परत उठल्या नाहीत.

सामान गाडीत भरून झाल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, गोदामातल्या त्या दुपारपासून. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. फक्त म्हणाला, "तुले तीन महिन्यांपासून मालूम होतं." आणि घरापर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

यवतमाळला कानाच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडे सरळ चाललेली आणि मग कडा कोसळावा तशी खाली गेलेली. गेलेलं परत येत नाही, म्हणाले. कानाला मशीन लावून थोडा फरक पडेल. मग माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्हीही तपासून घ्या. मी नाही घेतले. दर आठवड्याला ते चौथं गाणं मात्र लावतो, सूर अजून येतो का ते बघायला. येतो. पूर्वीइतकाच येतो का, ते सांगता येत नाही. पहिल्यांदा ऐकताना अल्बमवाले ते दोघं आपलंच कोणीतरी वाटले होते. आता त्यांची भीती वाटते.

दादाने मिक्सरला हात लावणं सोडलं. महिन्याभराने एका सकाळी म्हणाला, "चल, काकूची माफी मांगून येऊ." मशीन अजून आलं नव्हतं.

काकूंनी चहा ठेवला. दादाने हात जोडून म्हटलं, "काकू, त्या दिवशी तुमाले बोलू देल्लं नाई मी."

काकू पदराच्या टोकाशी खेळत राहिल्या. मग खाली बघतच, अगदी हळू बोलल्या, "बाबू, बरंच झालं म्हणा की वाईट झालं म्हणा. मले तिथं माफीच मांगाची होती. सर सहा महिने खाटेवर होते. शेवटी मी थकून गेलती. एक दिवस त्यायच्या तोंडावर म्हटलं, सुटा आता एकदाचे. त्यायनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी गेले. ज्यायनं ज्यायनं मले सावित्री म्हटलं, त्या सगळ्यायसमोर मले हे सांगाचं होतं."

दादा मन लावून ऐकत असल्यासारखी मान हलवत होता. त्या थांबल्यावर म्हणाला, "हाव काकू. तुमी लय सेवा केली त्यायची."

काकूंनी वर पाहिलं. आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे. परत बोलायची ताकद त्यांच्यात नव्हती, ते मला दिसत होतं. घराचं दार उघडं होतं, समोर आळीतल्या बाया नळावर पाणी भरत होत्या.

मी उठून दार लावलं. दादाच्या कानाशी बसलो आणि काकू जे बोलल्या ते एकेक शब्द, मोठ्याने, ओरडून सांगितलं. दार लावूनही आवाज बाहेर गेला, नळावरच्या बाया बोलायच्या थांबल्या. काकूंनी मला अडवलं नाही.