मी न टाकलेली स्लाईड

मी महाडला कॉम्प्युटर क्लास घेते. स्क्रीनवर जे दिसतं ते कुठल्यातरी फाईलमध्ये असतं, फाईलमध्ये नसेल तर दिसत नाही — इतका माझा सरळ हिशोब. भास, साक्षात्कार असलं कुणी सांगायला लागलं की मी तोंडावर हसते. तरी हे लिहितेय, कारण आता सांगितल्याशिवाय राहवत नाही!

माझं सासर पोलादपूरच्या वर, डोंगरातली वाडी. गाडी शाळेपर्यंत येते, पाणी मात्र खाली दरीतल्या झऱ्यावर. उन्हाळा लागला की बायका भरले हंडे घेऊन तो चढ चढतात. यंदा गावच्या मंडळाच्या वर्गणीतून एकच काम होणार होतं — देवळापुढे सभामंडप, नाहीतर झऱ्यावर पंप आणि वर टाकी. आणि आमच्याकडे मुंबईकरांनी, म्हणजे मुंबईला नोकरीला गेलेल्या गावकऱ्यांनी, मान डोलावल्याशिवाय गावात वीट हलत नाही. मुंबई मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे माझे मोठे दीर. भाऊजी पक्के मंडपवाले. "देवाचं काम मागं ठेवायचं नाय," संपला विषय!

म्हटलं, थांबा, यांना असं प्रेझेंटेशन दाखवते की बास. रविवारी दुपारी शाळेत प्रोजेक्टर लावायचा, तीच स्क्रीन मंडळाच्या पेजवर लाईव्ह जाणार, आणि मुंबईकरांनी कमेंटमध्ये 'पाणी' किंवा 'मंडप' लिहायचं.

घोडं अडलं फोटोवर. मी क्लासमध्ये घसा फोडून सांगते — शब्द कमी, फोटो मोठा, आणि फोटोत माणूस हवा. पण एक बाई उभी राहील तर शपथ! सगळ्या पदर ओढून पसार. सासूबाईंच्या तर मी हातापाया पडले.

"आई, एकच फोटो. हंडा डोक्यावर घेतलेला."

"नको गो बाय. धापा टाकताना लोकांना काय दाखवायची मला? आनि मुंबईत पोरगा बघल ना."

शेवटी रिकाम्या हंड्यांचे फोटो आणि वाटेचा नकाशा, यावरच भागवलं.

लाईव्ह सुरू झालं. आमच्या मुंबईकरांना काहीही दाखवा, ते कमेंटमध्ये हात जोडल्याचं चित्र टाकतात. झरा दाखवला — हात जोडले. हंडे दाखवले — हात जोडले. चुकून माझा डेस्कटॉप दिसला, त्यालाही हात जोडले! मध्येच भाऊजींची कमेंट — 'छान. पण मंडप.' असं डोकं फिरलं माझं!

मग मी नकाशाची स्लाईड लावली. आणि काय सांगू... कमेंटवर कमेंट पडायला लागल्या.

'थांब, पुढे जाऊ नको.'

'ही कोण म्हातारी?'

'दगडावर बसलेय. हंडा बाजूला.'

'कुणी काढला फोटो? अंगावर काटा आला.'

मी भिंतीकडे बघतेय, अख्खी वाडी बघतेय — नकाशा! निळी रेघ आणि लाल टिंब. नवरा शेजारी मोबाईलवर तेच लाईव्ह बघत होता, त्याच्याही हातात नकाशाच. भीती वाटायला हवी होती ना? खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. इतकी वर्षं शिकवतेय, पण समोरचा असा खिळून बसलेला कधी बघितला नव्हता. मी माऊसला हातसुद्धा लावला नाही.

मग भाऊजींची कमेंट आली. 'ती माझी आई हाय.' थोड्या वेळाने आणखी एकच शब्द — 'पाणी.' आणि त्याच्याखाली पाणी, पाणी, पाणी! शाळेत शिट्ट्या काय, टाळ्या काय... बायका तर एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

संध्याकाळी भाऊजींचा फोन. "सुजाता, आईच्या उजव्या टाचेला फडकं बांधलंय. मला कोन काय बोललं कसं नाय?"

आम्हालाच कुठे माहीत होतं! दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईंबरोबर झऱ्यावर गेले. येताना अर्ध्या चढावर, उंबराच्या मागे, वाटेवरून दिसणार नाही असा एक सपाट दगड. मी म्हटलं, "आई, बसा थोडं." त्या बसल्या, पाय पुढे घेतला. टाचेला फडकं. आत भेग पडून रक्त सुकलेलं. मला रडूच आलं.

"तुला कोनी सांगितलं गो मी हितं बसते ते?" आई चिडल्याच. "कोन बघत नाय म्हनून तर हितं बसते."

लाईव्हचं रेकॉर्डिंग मी क्लासमधल्या पोरांना घेऊन पुन्हापुन्हा तपासलं. माझी फाईल तपासली, लॅपटॉप पालथा घातला. तिथे नकाशाच आहे. मुंबईत ज्यांनी ज्यांनी पाहिलं ते शपथेवर सांगतात, दगड, हंडा, म्हातारी. मला आजही उत्तर सापडलेलं नाही, आणि आता मी कुणाच्या तोंडावर हसत नाही.

पंप बसला, टाकी भरते. आई आता नळाखाली हंडा लावून शेजारणीशी गप्पा मारत उभ्या असतात, फोटोला मात्र अजूनही पाठ फिरवतात. भाऊजी दर सणाला फोन करतात आणि तो फोटो मागतात. म्हणतात, "आईचा एक पन फोटो नाय गो माझ्याकडं. तेवढा पाठव." आता मी कुठून आणून देऊ?