गाण्याखालचा नंबर

आमचं गाणं गाजलं त्या उन्हाळ्यात फुलसावंगीपासून दारव्ह्यापर्यंत एकबी वरात ते वाजल्याबिगर निघाली नसन. गाणं मी अन् माह्या नवऱ्यानं म्हटलेलं. त्याआधी आमाले तांड्यावरच्या भजनाबाहेर कोणी ओळखे ना. शब्द नवऱ्याचे, चालबी त्यायचीच. गाण्यात नवरा कामासाठी परगावी जाते, बायको मांगं राह्यते, अन् दोघंबी एकामेकाले म्हणतात, तुह्यावर माहा पुरा भरवसा हाय. अर्धं आमच्या बंजाऱ्यायच्या गोर बोलीत, अर्धं मराठीत. पुसदच्या स्टुडिओत भिंतीले अंड्याचे ट्रे चिकटवले होते. तिथं मी एकेक शब्द खरंच मनापासून म्हटलता. खोटं कायले सांगू, तवा मले हा माणूस लय आवडे.

आमच्याकडे अशा गाण्याच्या व्हिडिओवर खाली गाणाऱ्याचा फोन नंबर टाकतात. लग्नवाले तो पाहूनच प्रोग्राम ठरवतात. माह्या नवऱ्याचा फोन वावरात लागे ना, म्हणून त्यायनंच स्टुडिओवाल्याले सांगतलं, हिचा टाका, ही घरीच असते.

आधी लग्नवाल्यायचे फोन आले. मंग पोट्ट्यायचे सुरू झाले. कोणी म्हणे आवाज लय गोड हाय, कोणी म्हणे जेवली का. तुह्या मायले इचार जेवली का, असं म्हणून मी फोन आपटायची. सुरुवातीले आमी दोघंबी हासलो. मंग फोन माहे घरधनी उचलायले लागले, अन् तिथंच सारं बिघडलं. माणसाचा आवाज आयकला की तिकडचा चूप, लगेच कट. एखाद्यानं शिवी दिली असती तर परवडलं असतं. ते कट झालेले फोन त्यायच्या डोक्यात जाऊन बसले.

एक दिवस मी भाकरी टाकून राह्यलती, तवा म्हणाले, “मी बोललो की तो फोन ठेवून देते. म्हणजे तो तुहीच वाट पाहून राह्यला असन ना?”

मले वाटलं मजाक करून राह्यले. तोंडाकडे पाह्यलं तर मजाक नव्हती.

मी म्हटलं नंबर बदलू, नवा व्हिडिओ करू, त्यात तुमचा टाकू. तर म्हणे, काहून, काय लपवाचं हाय? म्हणजे ठेवला तर पोट्ट्यायसाठी ठेवला, अन् बदलला तर काही तरी लपवलं. आता याले काय म्हणावं, बाप्पा! अन् बदलून तरी काय? व्हिडिओ गावोगावच्या मोबाइलात गेलता, तो कोणाच्या बापाच्यानं वापस येणार नव्हता.

शेवटी मी नाईकाकडे गेली. तांड्यातले तंटे तेच मिटवतात. त्यायनं सारं आयकलं अन् हासले. म्हणाले, ज्यानं असं गाणं केलं तो बायकोवर शक घेईन का, जाय घरी. मायले सांगतलं, तिचंबी तेच. शेजारणी तर म्हणत, तुहं नशीब पाह्य. माह्याच गाण्यानं माहं तोंड बंद केलं.

औंदा दारव्ह्यात एका दुपारच्या लग्नात आमी गायलो. भरवशाच्या ओळीवर ते माहा हात धरतात, डोळ्यात पाह्यतात. नवरी रडली. तिच्या आत्यानं आमची दोघायची दृष्ट काढली. वापस येताना जीपमधी मांगं आमी दोघंच होतो. माह्याच्यानं राह्यवलं नाई.

“एवढ्या लोकायसमोर माह्या डोळ्यात पाहून म्हणता,” मी इचारलं, “तवा तुमच्या मनात काय असते?”

ते बाहेर पाहून राह्यलते. तसंच पाहत म्हणाले, “आज फोन सोबत नाई आणला, कोणाजोळ लपवून आली असन, हे असते.”

जीव जळला माहा. भांडाचीबी ताकद राह्यली नाई. प्रोग्राम चालूच हायत, पोट त्याच्यावरच हाय. फक्त आता त्या ओळीवर मी मान खाली घालते. लोकायले वाटते लाजली. शिट्ट्या वाजवतात.