मण्यांचा पोपट

पोपटवाले सर कुणाच्याही घरी गेले, की आधी समोरच्या खोलीतले शोकेस पाहत. प्लास्टिकची फुले, मान हलवणारी बाहुली, आगपेट्यांचा बंगला. गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, अगदी मनापासून. चहा तोवर निवून जाई. ते चित्रकला महाविद्यालयात शिल्पकला शिकवत. प्रताप नगरातल्या त्यांच्या घरामागच्या खोलीत राहून मी बी.ए. केले.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "तुझ्या घरी काय आहे गा शोकेसमध्ये?"

"शोकेस नाही सर. कोनाड्यात जत्रेतला प्लास्टरचा कुत्रा आहे," मी ओशाळून म्हणालो.

"कान उभे की पडेल?"

माझ्या घराबद्दल नागपुरात इतक्या गांभीर्याने कुणीच विचारले नव्हते.

सरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, मण्यांचा एक पोपट विणला होता. सरांनी तो सिमेंटमध्ये माणसाएवढा केला, एकेक मणी वेगळा घडवून. इतवारीतून हिरवा ऑइलपेंट आणला. काकू म्हणत, "लोकं देवाच्या मूर्ती करतात. तुम्हाले माझा पोपटच भेटला काय?" पण रंग वाळला का, हे बोट लावून त्याच पाहत.

धरमपेठेतल्या प्रदर्शनात पोपटाला पहिले बक्षीस मिळाले. काकू ठेवणीतली साडी नेसून पुढच्या रांगेत बसल्या होत्या. पाहुणे भाषणात म्हणाले, "घरोघरच्या बेगडी हौसेची इतकी झकास टिंगल मी पाहिली नव्हती!"

सर उभे राहिले. "टिंगल नाही साहेब. मूळ पोपट हिनं केला. मला तो सुंदर वाटतो."

सभागृह आणखीच हसले. लोकांना तोही विनोद वाटला. काकू उठून निघून गेल्या.

सरांनी बक्षीस घेतले नाही. हातगाडीवर पोपट घालून घरी आणला. काकू दारात उभ्या होत्या.

"खरंच आवडते, की माझं मन राखून राहिले?"

"एवढे मणी मन राखायले घडवले असते काय वं?"

काकूंनी पोपटाच्या चोचीवरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "उन्हात रंग उडते. व्हरांड्यात घ्या."

पुढे दर दिवाळीला त्याला नवा रंग लागे.

सर गेल्याचे मला गावाकडे, शाळेत नोकरी करताना, उशिरा कळले. भेटायला गेलो तेव्हा दिवाळी जवळ आली होती. काकू स्टुलावर चढून पोपट रंगवत होत्या. मी फाटकाशीच थांबलो.

"पाहत काय राहिला गा? स्टूल धर," त्या म्हणाल्या. "चोच राहिली आहे."