दुसऱ्या फेरीची फुली

पुणतांब्याच्या स्टेशनावर दादा मला सोडायला आले ते थेट गिरणीतून, भुवयांवर पीठ घेऊन. वडिलांना आम्ही दादाच म्हणतो. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाले, "जेवत जा." मी फिजिक्स शिकायला जर्मनीला निघाले होते आणि दोन वर्षांत परत येते असं आईला ठणकावून सांगितलं होतं. त्याला आता अकरा वर्षं झाली.

इथं माझं काम सुपरग्रॅव्हिटीचं, गुरुत्वाकर्षणाच्या एका सिद्धांताचं. म्हणजे सगळं कागदावरचंच. आमच्या समीकरणांत कण आधी बिनवजनाचे असतात. मग आम्ही धरून चालतो की जगाला आणखी एक दिशा आहे, इतकी बारीक गुंडाळलेली की कुणाला दिसत नाही. तिच्यातून फेरी मारून कण निघाल्या जागी येतो, पण जसाच्या तसा नाही, बदलून येतो. अशा कणाला त्या दिशेत स्वस्थ बसताच येत नाही. त्याची ती न दिसणारी धावपळ आपल्याला वजन म्हणून जाणवते.

फोनवर दादांना हे सांगितलं तर म्हणाले, "कुनी बघितलंय का?" नाही म्हटलं. "मंग पगार कशाचा देत्यात?" आणि आईला ऐकू जाईल असं हसले. मला रागच आला. मग मी त्यांच्याच गिरणीच्या पट्ट्याची गोष्ट काढली. नवा पट्टा जोडताना दादा त्याला एक पीळ द्यायचे, दोन्ही अंगांनी सारखा झिजावा म्हणून. गिरणी बंद असली की मी त्यावर खडूनं फुली मारायचे आणि दादा हातानं चाक फिरवायचे. पहिल्या फेरीला फुली पलीकडच्या अंगाला जायची, दुसऱ्या फेरीला पुन्हा माझ्यासमोर. "आसं हाय व्हय," दादा म्हणाले.

मार्चमध्ये दादांच्या अंगावरून वारं गेलं. माझं इथं राहण्याचं कार्ड नेमकं ऑफिसात अडकलेलं. आत्ता देश सोडला तर परत घेणार नाहीत, नोकरी गेली की हे काम संपलं, आणि संगमनेरच्या कॉलेजात या विषयाला कोण विचारतंय? चार महिने बॅग भरून या खोलीत बसलेय. जे माझ्यासारखे गेलात त्यांना हे कळेल. जे मागे राहिलात त्यांनी खुशाल शिव्या घाला.

या अकरा वर्षांत मधे एकदाच घरी गेले होते. माठातलं सोडून बाटलीतलं पाणी प्यायले, भाकरी अर्धी ठेवली, चार माणसांत बसून ईमेल बघत राहिले. आई शेजारणीला म्हणाली, "पाव्हनी आलीया." मी हसण्यावारी नेलं.

काल दादांनी स्वतःहून फोन लावायला लावला. तोंड वाकडं झालंय, तरी शब्द कळले. "ये म्हनत न्हाई. पन मागल्या बारीला आलीस ती उलट्या अंगाची हुतीस. दुसऱ्या फेरीची वाट बघतुया."

मला रडू आवरेना. गिरणी आता बंदच आहे. घर म्हणून माझ्याकडं एवढंच उरलंय: त्या थांबलेल्या पट्ट्यासमोर बसलेले दादा, आणि मी अजून पलीकडच्या अंगाला.